बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना सरकारकडून निर्णय कसे करून घेतात? सोप्या भाषेत समजून घ्या

पुणे-नाशिक महामार्गावरून नारायणगावात शिरलात की दुतर्फा प्लॉट, बंगलो स्कीम आणि 'बुकिंग सुरू' असे फलक दिसतात. टोमॅटोचा बाजार आणि तमाशाच्या राहुट्या यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात आता फ्लॅटचीही चौकशी होते. फ्लॅट घेणारा माणूस तीन गोष्टी विचारतो: दर काय, कर्ज किती मिळेल आणि ताबा कधी? पण सिमेंटच्या गोणीवर कर किती, दस्त नोंदवताना मुद्रांक शुल्क किती, तुमच्या पैशातला किती भाग बिल्डरने वेगळ्या खात्यात ठेवायचा, हे त्याच्या हातात नसते. ते दिल्लीत किंवा मंत्रालयात ठरते. आणि ते ठरत असताना बांधकाम व्यावसायिकांच्या संघटना तिथे हजर असतात.

त्या तिथे नेमके काय करतात? ते कायदेशीर आहे का? आणि आपल्यासारख्या सामान्य माणसाला त्यात बोलता येते का? एकेक करून पाहू.

लॉबिंग म्हणजे काय?

एखाद्या गटाने आपल्या हिताचा कायदा, नियम किंवा कर व्हावा म्हणून मंत्री, आमदार, खासदार किंवा अधिकाऱ्यांकडे पद्धतशीर पाठपुरावा करणे म्हणजे लॉबिंग. मराठीत आपण याला 'निवेदन देणे', 'शिष्टमंडळ नेणे', 'पाठपुरावा करणे' म्हणतो. 'वशिला लावणे' ही वेगळी गोष्ट आहे, कारण वशिला एका माणसाच्या एका कामासाठी लागतो. लॉबिंगमध्ये मागणी सगळ्या धंद्यासाठी असते आणि बदल नियमातच हवा असतो.

हे फक्त उद्योगपती करतात असेही नाही. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतून जाणाऱ्या नियोजित पुणे-नाशिक रेल्वेचा मार्ग खोडदच्या महाकाय दुर्बिणीला, म्हणजे जीएमआरटीला अडथळा ठरेल, अशी हरकत आली. तेव्हा रेल्वे जुन्याच मार्गाने न्यावी म्हणून इथल्या लोकप्रतिनिधींनी आणि गावकऱ्यांनी पाठपुरावा केला. दुर्बिणीच्या बाजूने शास्त्रज्ञांनी आपले म्हणणे मांडले. हेही लॉबिंगच. फरक एवढाच की बांधकाम संघटनांकडे कायमचे कार्यालय, वकील, सल्लागार आणि वर्षभर पाठपुरावा करण्याइतका पैसा असतो.

कोणत्या संघटना आहेत?

'बांधकामवाले' म्हणून आपण सगळ्यांना एकाच पारड्यात टाकतो. प्रत्यक्षात यांचे दोन वेगळे गट आहेत.

पहिला गट कंत्राटदारांचा. हे रस्ते, पूल, शाळा, पाणीयोजना बांधतात आणि त्यांचे मोठे गिऱ्हाईक सरकारच असते. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही देशातली जुनी संघटना १९४१ साली पुण्यात सुरू झाली. लष्कराची बांधकामे करणाऱ्या कंत्राटदारांनी ती उभी केली होती. शिवाय राज्य पातळीवर आणि जिल्हा पातळीवर कंत्राटदारांच्या, मजूर सहकारी संस्थांच्या आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांच्या वेगळ्या संघटना आहेत.

दुसरा गट विकासकांचा, म्हणजे आपण ज्यांना बिल्डर म्हणतो त्यांचा. मुंबईत १९८२ साली महाराष्ट्र चेंबर ऑफ हाउसिंग इंडस्ट्री स्थापन झाली. पुण्यातल्या विकासकांची संघटना आज क्रेडाई पुणे या नावाने ओळखली जाते. देशभरच्या अशा संघटनांचा महासंघ म्हणजे १९९९ साली स्थापन झालेली क्रेडाई. नरेडको ही या क्षेत्रातली आणखी एक राष्ट्रीय संघटना.

या दोन गटांच्या मागण्याही वेगळ्या. कंत्राटदार म्हणतो, 'माझे बिल वेळेवर द्या.' विकासक म्हणतो, 'शुल्क कमी करा, परवानगी लवकर द्या.'

मागणी कुठे आणि कशी मांडली जाते?

वाटा बऱ्याच आहेत. त्यातल्या मुख्य अशा:

• अर्थसंकल्पाआधीचे निवेदन. केंद्र आणि राज्य सरकार अर्थसंकल्पाआधी उद्योगांशी चर्चा करतात. कर, व्याज, सवलत यांच्या मागण्या तिथे जातात.

• विधिमंडळ. संघटनेचा मुद्दा पटलेला आमदार तारांकित प्रश्न विचारतो, लक्षवेधी सूचना मांडतो किंवा अर्ध्या तासाची चर्चा मागतो. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते आणि ते नोंदीवर राहते.

• सरकारी समित्या. नियम बदलण्याआधी सरकार अभ्यास समिती नेमते. तिच्यापुढे आकडे आणि सादरीकरण घेऊन कोण जातो, याला फार महत्त्व असते.

• हरकती आणि सूचना. नगररचनेचे नियम बदलताना मसुदा राजपत्रात प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. संघटना प्रत्येक कलमावर लेखी म्हणणे देतात.

• न्यायालय. कायदा झाल्यावर तो घटनाबाह्य आहे म्हणून आव्हान देता येते.

• काम बंद आणि निविदांवर बहिष्कार. हे कंत्राटदारांचे शेवटचे हत्यार.

आता या वाटांवर प्रत्यक्षात काय घडले, ते पाच उदाहरणांतून पाहू.

उदाहरण १: रेरा कायदा आणि ७० टक्क्यांचा प्रश्न

घरासाठी भरलेले पैसे बिल्डरने दुसऱ्याच जागेच्या खरेदीत घातले आणि इमारत अर्धवट राहिली, ही कहाणी महाराष्ट्रात नवी नाही. यावर उपाय म्हणून ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेत विधेयक आले. ग्राहकांकडून घेतलेल्या पैशांपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या बँक खात्यात ठेवायची आणि ती त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर व बांधकामावर खर्च करायची, अशी त्यात तरतूद होती. मात्र सरकारला हे प्रमाण कमी करण्याची मुभाही होती.

एवढा पैसा अडकला तर धंदा चालणार कसा, असे विकासकांचे म्हणणे होते. २०१५ मध्ये सरकारने सुचवलेल्या दुरुस्त्यांत हे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. त्यावर ग्राहक संघटना आणि विरोधी पक्षांनी आवाज उठवला आणि विधेयक राज्यसभेच्या निवड समितीकडे गेले. समितीने सगळ्या बाजू ऐकल्या. मार्च २०१६ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात आकडा पुन्हा ७० टक्के झाला, आणि तो कमी करण्याची मुभाही राहिली नाही.

गोष्ट इथे संपली नाही. केंद्राच्या कायद्याखाली नियम राज्याने करायचे असतात. महाराष्ट्राने डिसेंबर २०१६ मध्ये मसुदा काढला, तेव्हा तो विकासकांना झुकते माप देणारा आहे अशी टीका मुंबई ग्राहक पंचायतीने केली. हरकतींनंतर अंतिम नियम आले आणि १ मे २०१७ पासून कायदा पूर्णपणे लागू झाला. मग विकासक न्यायालयात गेले. ६ डिसेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला.

यातून लक्षात ठेवण्याजोगे असे: एकच आकडा विधेयक, दुरुस्ती, समिती, नियम आणि न्यायालय अशा पाच ठिकाणी लढवला गेला. जो पक्ष एका ठिकाणी हरतो, तो पुढच्या ठिकाणी पुन्हा उभा राहतो. म्हणून 'कायदा झाला' ही बातमी वाचून थांबू नये, नियम काय आले तेही पाहावे.

उदाहरण २: कोरोनाकाळातल्या सवलती

२०२० च्या टाळेबंदीत घरांची विक्री ठप्प झाली. विकासकांच्या संघटनांनी मुद्रांक शुल्क कमी करण्याची मागणी लावून धरली. राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात शहरांतले शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणले आणि पुढचे तीन महिने ते ३ टक्के ठेवले. ५० लाखांच्या घरावर अडीच लाखांऐवजी एक लाख, म्हणजे दीड लाखाची बचत. दस्त नोंदणीसाठी लोकांनी गर्दी केली. ही सवलत ग्राहकाच्या हातात थेट पडली.

जानेवारी २०२१ मध्ये दुसरी सवलत आली. वाढीव चटईक्षेत्र वगैरेंसाठी विकासक सरकार आणि पालिकेला जे अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम भरतात, ते वर्षअखेरपर्यंत निम्मे करण्यात आले. या क्षेत्राच्या अडचणींचा अभ्यास करणाऱ्या दीपक पारेख समितीने तशी शिफारस केली होती. विरोधकांनी प्रश्न विचारला की हा फायदा घर घेणाऱ्यापर्यंत पोहोचेल कशावरून? सरकारने अट घातली: जो विकासक ही सवलत घेईल, त्याने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क स्वतः भरायचे.

दोन्ही निर्णयांत बांधकाम क्षेत्राला दिलासा होता. पण पहिला दिलासा आपोआप ग्राहकापर्यंत गेला, तर दुसऱ्यासाठी अट घालावी लागली. कुठलीही सवलत जाहीर झाली की हा प्रश्न विचारावा: पैसा नेमका कोणाच्या खिशात राहणार?

उदाहरण ३: जीएसटी आणि सिमेंटची गोणी

१ एप्रिल २०१९ पासून बांधकाम सुरू असलेल्या घरांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला आणि परवडणाऱ्या घरांवर ८ वरून १ टक्का. पण विकासकांना सिमेंट, लोखंडावर भरलेल्या कराची वजावट मिळणे बंद झाले. म्हणजे ग्राहकाच्या पावतीवरचा कर घटला, पण विकासकाचा खर्च काही प्रमाणात वाढला.

१८ जुलै २०२२ पासून सरकारी बांधकामांवरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. एक कोटीच्या कामावर १२ लाखांचा कर १८ लाख झाला. ज्यांनी जुन्या दराने निविदा भरल्या होत्या, त्यांनी विचारले की हे सहा लाख कोणी द्यायचे?

सिमेंटवरचा २८ टक्के कर कमी करा, ही मागणी दोन्ही गट वर्षानुवर्षे करत होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. कर सोडून ३०० रुपयांची गोणी धरली, तर ८४ रुपयांच्या जागी ५४ रुपये कर, म्हणजे गोणीमागे ३० रुपयांचा फरक. कारखान्याने मूळ किंमत वाढवली नाही, तर हा फरक घर बांधणाऱ्याला मिळतो.

उदाहरण ४: संघटना विरुद्ध संघटना

सिमेंटचा भाव कंपन्या संगनमताने ठरवतात, अशी तक्रार बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडियाने २०१० मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे केली. जून २०१२ मध्ये आयोगाने अकरा सिमेंट कंपन्यांना मिळून ६,००० कोटींहून अधिक दंड ठोठावला. सिमेंट उत्पादकांच्या संघटनेलाही दंड झाला. २०१५ मध्ये अपील न्यायाधिकरणाने सुनावणीच्या पद्धतीतली त्रुटी दाखवून तो आदेश रद्द केला. आयोगाने पुन्हा सुनावणी घेऊन २०१६ मध्ये पुन्हा दंड केला, २०१८ मध्ये अपिलात तो कायम राहिला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

या प्रकरणात दोन गोष्टी दिसतात. उद्योग म्हणजे एकसंध गट नव्हे, एकाचा फायदा हा दुसऱ्याचा खर्च असतो. आणि संघटनेने सरकारकडे मागणी मांडणे चालते, पण संघटनेच्या बैठकीत बसून भाव किंवा उत्पादन ठरवणे स्पर्धा कायद्याने गुन्हेगारीइतके नसले तरी दंडनीय ठरते.

उदाहरण ५: थकलेली बिले

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या कंत्राटदार संघटनांनी राज्यभर कामे थांबवण्याचा इशारा दिला. सार्वजनिक बांधकाम, ग्रामविकास, जलजीवन मिशन, जलसंपदा अशा खात्यांकडे मिळून सुमारे ८९,००० कोटी रुपये थकले आहेत, असा त्यांचा दावा होता. कामे मंजूर होतात, पण त्या प्रमाणात निधी ठेवला जात नाही, हे त्यांचे मुख्य म्हणणे.

याची झळ खालपर्यंत कशी जाते ते पाहा. जुन्नर तालुक्यात पाणीपुरवठ्याची पाइपलाइन टाकणारा छोटा ठेकेदार स्वतःकडचे किंवा उसने पैसे घालून काम करतो. बिल अडकले की आधी खडी-सिमेंटच्या दुकानदाराची उधारी थकते, मग जेसीबीचा हप्ता, मग मजुराची हजेरी. पाइप टाकलेले असतात, टाकी अर्धी उभी असते आणि नळाला पाणी नसते. गावात शिव्या मात्र ठेकेदार आणि सरपंच खातात.

लहान ठेकेदारांची आणखी एक जुनी तक्रार आहे: छोटी छोटी कामे एकत्र करून एकच मोठी निविदा काढू नका. काम मोठे झाले की अनामत रक्कम आणि अनुभवाच्या अटी वाढतात आणि गावपातळीवरचा माणूस आपोआप बाद होतो. मोठ्या कंपन्यांना हीच पद्धत सोयीची वाटते. म्हणजे कंत्राटदारांच्या गटातही लहान आणि मोठे यांचे हित वेगळे असते.

मजुरांचे म्हणणे कोण मांडतो?

या सगळ्यात विटा वाहणारा, सळई बांधणारा माणूस कुठे आहे? त्याच्यासाठीही पाठपुरावा झाला आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बांधकाम मजुरांसाठी केंद्रीय कायदा हवा म्हणून देशभरच्या कामगार संघटनांनी मोहीम चालवली. त्यातून १९९६ चे दोन कायदे आले: एक मजुरांच्या नोंदणी, सुरक्षा आणि कल्याणासाठी, दुसरा त्यासाठी उपकर गोळा करण्यासाठी. बांधकाम खर्चाच्या १ टक्का उपकर कल्याणकारी मंडळाकडे जातो आणि नोंदीत मजुराला शिक्षण, आजारपण, अपघात यांसाठी मदत मिळते. नोंदणीसाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे नव्या कामगार संहितांत सामावले गेले आहेत.

विकासकांना रेरावर आपली बाजू मांडायला दोन-तीन वर्षे मिळाली आणि प्रत्येक पायरीवर ते हजर होते. मजुरांना कायदा मिळायलाच दहा वर्षे लागली. ताकदीचा फरक तो हाच.

हे कायदेशीर आहे का?

हो. संघटना करणे आणि आपले म्हणणे मांडणे हे दोन्ही हक्क राज्यघटनेच्या कलम १९ मध्ये आहेत. पण काही सीमा आहेत.

१. निर्णयासाठी पैसा किंवा फायदा देणे ही लाच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरतो.

२. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९ अ नुसार ज्याचा राज्य सरकारशी माल पुरवण्याचा किंवा काम करण्याचा करार चालू आहे, तो आमदार म्हणून अपात्र ठरतो. खासदारासाठी केंद्र सरकारचा करार धरतात. मात्र हे कलम त्या व्यक्तीने स्वतः केलेल्या कराराबद्दल बोलते.

३. ग्रामपंचायतीत नियम जास्त कडक आहे. १९५८ च्या महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ नुसार पंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर सदस्यत्व जाऊ शकते.

मोठी उणीव वेगळीच आहे. कोणी, कोणाला, कोणत्या विषयावर भेटले हे जाहीर करण्याचे बंधन भारतात नाही. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंग करणाऱ्याला नोंदणी आणि खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. आपल्याकडे २०१३ मध्ये लोकसभेत असे एक खासगी विधेयक मांडले गेले, पण ते कायद्यापर्यंत पोहोचले नाही.

दुसरीकडे संघटनांचे वजन नियमांनीही वाढले आहे. २०१९ मध्ये महारेराने विकासकांसाठी स्वयंनियामक संघटनांची व्यवस्था आणली आणि नव्या प्रकल्पाची नोंदणी करताना अशा संघटनेचे सदस्यत्व आवश्यक केले. त्यामुळे शिस्त लावणे सोपे होते, पण सरकारपुढे मागण्या मांडणारी संघटनाच सदस्यांवर लक्ष ठेवणारी होते. या दोन भूमिका एकमेकींत मिसळू नयेत, याकडे लक्ष हवे.

नारायणगावातल्या माणसाने काय करावे?

• घर घेताना महारेराचा नोंदणी क्रमांक विचारा आणि संकेतस्थळावर तपासा. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका आठपेक्षा जास्त नसतील, तर त्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. छोट्या गावांत अशा इमारती बऱ्याच असतात. तिथे ७० टक्क्यांच्या खात्याचे संरक्षण गृहीत धरू नका, करारनामा वकिलाला दाखवा.

• नियमांचा मसुदा आला की हरकत द्या. मुंबई आणि काही अपवाद वगळता राज्यभर लागू असलेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. २०१९ मध्ये तिचा मसुदा हरकतींसाठी खुला होता. हरकत द्यायला वकील लागत नाही. नाव, पत्ता, कलम क्रमांक आणि कारण एवढे पुरे. मुदत मात्र पाळावी लागते, ती बहुधा एक महिन्याची असते.

• गावातले काम रखडले तर माहितीच्या अधिकारात कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तक आणि दिलेल्या बिलांची माहिती मागा. काम ठेकेदारामुळे थांबले की निधीमुळे, ते कागदावर कळते.

• आमदार-खासदारांनी कोणते प्रश्न विचारले ते पाहा. नारायणगाव जुन्नर विधानसभा आणि शिरूर लोकसभा मतदारसंघात येते. सभागृहातले कामकाज विधिमंडळ आणि संसदेच्या संकेतस्थळांवर असते. उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात, त्यांत व्यवसाय आणि मालमत्ता लिहिलेली असते.

थोडक्यात

बांधकाम संघटनांनी सरकारकडे जाणे चूक नाही. थकलेल्या बिलांचा प्रश्न त्यांनी मांडला नाही, तर गावातली टाकी अर्धीच राहील. रेराच्या वेळी मात्र ग्राहक संघटना जागच्या हलल्या नसत्या, तर ७० चा आकडा कदाचित ५० वरच राहिला असता. राजपत्रातल्या मसुद्यावर हरकत द्यायचा हक्क बिल्डरला आहे तेवढाच तो घर घेणाऱ्यालाही आहे. बिल्डरची संघटना तो न चुकता वापरते. आपण बहुतेक वेळा मुदत संपल्यावर बातमी वाचतो.